माल्टात थंडी घरात असते

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. धाकटा दीर भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर, स्लिमा गावात नोकरीला आहे. त्याच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नऊ दिवसांसाठी त्या, त्यांचे मिस्टर आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई निघाल्यात. त्या लिहितात, "फोनवर हवामान बघितलं, कमाल १६, किमान १०. म्हणजे आपल्या नाशिकचा डिसेंबरच झाला. एकेक स्वेटर आणि सासूबाईंना शाल, एवढं पुरेल ना? त्या साडीशिवाय काही घालत नाहीत. आणि ह्यांना समुद्रात पोहायचंय."

नाही पुरणार, ताई. आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, पण नाशिकशी ताडताना फक्त किमान बघितलंत. नाशिकला डिसेंबरात पहाटे १०-११ असतं, कबूल. पण दुपारी? सत्तावीस-अठ्ठावीस. गच्ची तापते, भिंती तापतात, आपण पाठ उन्हाला देऊन बसतो आणि रात्रीची थंडी सोसायची ताकद अंगात साठवून घेतो. माल्टात फेब्रुवारीत पहाटे १० आणि दुपारी १५-१६, बस. नाशिकची सकाळी सातची वेळ दिवसभर मुक्कामाला राहिलीय असं समजा. त्यात समुद्राची ओल आणि वारा.

मी गेली सोळा वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट भूमध्य समुद्राकडे नेते आणि तुम्ही करताय तीच चूक मी पहिल्या माल्टावारीत केली होती. जानेवारी होता. मी सगळ्यांना बेधडक सांगितलं होतं, पुण्याच्या थंडीइतकं सामान घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आमच्यातले एक काका अंगावर शाल, डोक्याला टॉवेल अशा अवतारात राहत्या घराच्या पायरीवर बसलेले. म्हटलं, काका, आत बसा की, बाहेर गार आहे. ते म्हणाले, "अहो, आतच गार आहे. मी इथं उबायला आलोय." खरंच होतं ते. त्या दिवसापासून मी सामानाची यादी थर्मामीटर बघून करत नाही, घर बघून करते.

माल्टाची घरं दगडाची. बेटाच्याच पोटातला पिवळसर, मऊ चुनखडीचा दगड, करवतीनं कापता येईल इतका. जुन्या घरांच्या भिंती जाड, छत उंच, खाली फरशी, खिडक्या लाकडी आणि बऱ्याचदा एकेरी काचेच्या. हे सगळं उन्हाळ्यासाठी बांधलेलं आहे आणि उन्हाळ्यात फार छान चालतं. हिवाळ्यात मात्र तोच दगड ओल पितो आणि गारठा धरून ठेवतो. लंडन किंवा बर्लिनला बाहेर शून्य असलं तरी घरात शिरलं की कोट काढून टाकावा लागतो, कारण भिंतीला हीटर असतात. माल्टात ती सोय बहुतेक घरांत नाही. युरोपात जाऊन आलेली माणसंच इथं जास्त फसतात, ती ह्यामुळे.

म्हणून कपडे घ्यायच्या आधी दिराला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. आई झोपणार त्या खोलीत एसी आहे का, आणि तो गरम हवा देतो का. एसी तिथं दोन्हीकडून चालतात. रिमोटवर सूर्याचं चित्र असतं ते गरमचं. गरम हवा वर छताकडे जाते, पाय गारच राहतात, तरी खोली कोरडी होते आणि ते जास्त महत्त्वाचं. एसी नसेल तर लोक गॅस सिलिंडरवरचा चाकांचा हीटर वापरतात. तो झोपायच्या आधी बंद करायचा आणि चालू असेपर्यंत खिडकी बोटभर उघडी ठेवायची. बंद खोलीत तो विषारी वायू करतो. सासूबाईंना हे दोनदा सांगा. गारठलेलं माणूस खिडकी उघडी ठेवत नाही.

आपण घरात अनवाणी वावरतो. फेब्रुवारीत त्या फरशीवर दहा मिनिटं अनवाणी राहिलात तर थंडी घोट्यातून वर चढते आणि मग कितीही स्वेटर घाला, उतरत नाही. तेव्हा यादीतली पहिली वस्तू स्वेटर नाही. पहिली वस्तू जाड तळाच्या घरातल्या सपाता, प्रत्येकी एक जोड, आणि लोकरीचे मोजे तीन-तीन जोड. दुसरी वस्तू रबरी गरम पाण्याची पिशवी. रिकामी असताना तिला वजन नसतं, आणि रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं अंथरुणात सरकवून ठेवली की तिथला तो ओलसर गारवा जातो. तिथली पांघरुणं ओली नसतात, पण हाताला ओली लागतात. शाल न्याच, पण ती घरात पांघरायला. बाहेरच्या वाऱ्यात शालीचा काही उपयोग नाही, ती सावरण्यात दोन्ही हात अडकतात.

मोजे तीन-तीन जोड का, तर कपडे वाळत नाहीत. सकाळी धुतलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कंबरपट्ट्याशी ओली असते आणि तिला कुबट वास यायला लागतो. जीन्स एकच न्या, अंगावरची. बाकी पातळ, लवकर वाळणाऱ्या पँट. आणि बाहेर वाळत घालाल तर वाऱ्याची दिशा बघून घाला, त्याचं कारण पुढं येतंय.

आपल्याला पावसाळा वेगळा आणि हिवाळा वेगळा. भूमध्य समुद्रात ते दोन्ही एकच असतात. माल्टात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा ऑक्टोबर ते मार्च. जुलै ठणठणीत कोरडा. त्यामुळे बेट हिरवं असतं ते फेब्रुवारीत, आणि ऑगस्टमध्ये ते आपल्या माणदेशासारखं करपलेलं दिसतं. तुम्ही जाल तेव्हा शेतांचे बांध पिवळ्या फुलांनी भरलेले असतील. जवळ जाऊन पान बघा, तीन पाकळ्यांचं, ओळखीचं वाटेल. आपल्या आंबुशीचीच थोराड बहीण आहे ती, दक्षिण आफ्रिकेतून आलेली. माल्टी लोक तिला 'इंग्रजी गवत' म्हणतात. सासूबाईंना दाखवा, नऊ दिवसांतली ही गोष्ट त्या विसरणार नाहीत.

पावसाला घाबरू नका, तो येतो आणि जातो. पण छत्री नेऊ नका. छत्रीचं काय होतं ते पहिल्या पावसात राजधानी व्हॅलेटाच्या कचऱ्याच्या डब्यांशी बघायला मिळतं. टोपी असलेलं, वारा आत न घेणारं जाकीट, मांडीपर्यंत लांब, हेच खरं हत्यार. त्यावर पैसे घाला, स्वेटरवर नको.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माल्टात कपडे वाऱ्याला बघून घालतात. देश केवढासा, माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, आपल्या बृहन्मुंबईच्या निम्मं. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून २५३ मीटर. आडवं यायला डोंगर नाही, जंगल नाही. त्यामुळे कुठलाही वारा थेट अंगावर येतो, आणि प्रत्येकाला नाव आहे. वर्षातले सर्वांत जास्त दिवस वाहतो तो वायव्येचा, मय्यिस्त्राल. गार, पण स्वच्छ. ईशान्येचा ग्रिगाल हा हिवाळ्यातला दांडगा. २०१९ च्या फेब्रुवारीत, अगदी तुमच्याच आठवड्यात, त्यानं असा तडाखा दिला की समुद्रातल्या मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांतले मासे लाटांबरोबर रस्त्यावर येऊन पडले आणि लोक पिशव्या घेऊन वेचायला धावले. ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पॉल ज्यातून जात होता ते जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं असं बायबलमध्ये आहे, त्यालाही ईशान्येच्याच वाऱ्यानं भरकटवलं होतं. तिथं एक वाक्य आहे की पाऊस लागला होता आणि थंडी होती म्हणून बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माल्टाच्या हिवाळ्याचा वृत्तांत आहे तो. मी गटाला हवामान समजावताना तेवढंच सांगते.

तिसरा वारा आग्नेयेचा. त्याचं नाव लिहितात वेगळं, पण उच्चार चक्क 'श्लोक'. मार्साश्लोक नावाचं कोळ्यांचं गाव आहे, जिथं रविवारी मासळीबाजार भरतो. मार्सा म्हणजे बंदर, म्हणून श्लोक वाऱ्याचं बंदर. हा वारा आफ्रिकेकडून येतो, उबदार आणि चिकट, आणि सोबत सहारा वाळवंटाची धूळ आणतो. त्यात पाऊस पडला तर थेंब तांबडे पडतात. गाड्यांवर गेरू शिंपडल्यासारखं होतं. बाहेर वाळत घातलेली पांढरी साडी किंवा सदरा असेल तर त्याला रामराम. आकाश पिवळट, मळकट दिसलं आणि हवा अचानक कोमट झाली की दोरीवरचं सगळं आत घ्या. ह्या वाऱ्याच्या दिवशी फेब्रुवारीतही स्वेटर नकोसा होतो आणि दुसऱ्या दिवशी मय्यिस्त्राल आला की पुन्हा कानटोपी. म्हणून एकच जाड लोकरी कोट नेणारा माणूस इथं हरतो. आत अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर पातळ फुल बाह्यांचं काही, त्यावर हलका स्वेटर किंवा फ्लीस, वर ते जाकीट. एकावर एक चार, आणि दिवसातून तीनदा काढघाल. तिघांनाही हेच.

आता सासूबाईंची साडी. मला हा प्रश्न दर वर्षी येतो आणि साडी सोडा असं मी कोणालाच सांगत नाही. सवय नसलेल्या पँटमध्ये म्हातारं माणूस जास्त अडखळतं. साडीतच ऊब आणायची. आत लोकरमिश्रित थर्मल पायजमा, त्यावर नेहमीचा परकर, त्यावर साडी. परकर घट्ट होतो, म्हणून नाडी जरा लांब ओवून घ्या. ब्लाऊज लांब बाह्यांचे दोन शिवून घ्या, शिवणाऱ्या बाईंना सांगून एक इंच सैल, म्हणजे आत थर्मल बसेल. साडी सुती नको. एकदा काठ भिजला की दिवसभर पायाला गार फडकं बांधल्यासारखं वाटतं. अगदी झुळझुळीत सिंथेटिकही नको, ती वाऱ्यावर शिडासारखी फुगते. थोडी वजनदार सिल्क-मिश्र साडी, गडद रंगाची, नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसलेली. निऱ्यांना आतून एक सेफ्टी पिन. पदर खांद्यावर मोकळा सोडायचाच नाही, कमरेला खोचून वर गुडघ्यापर्यंतचं जाकीट चढवायचं आणि चेन लावायची.

पदराबद्दल मी इतकी कडक का, तर गोझोच्या बोटीवर एका काकूंचा पदर वाऱ्यानं उडून डेकच्या कठड्याच्या जाळीत अडकला आणि त्या जागच्या जागी अर्ध्या फिरल्या. माझ्या हातात चहाचा कप होता, तो टाकून मी त्यांना धरलं. काही झालं नाही, साडी फाटली तेवढीच. पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे तो. सासूबाईंना बोटीत आतच बसवा, काचेतून सगळं दिसतं. आणि वारा जोराचा असला तर बोटी बंद राहतात, तेव्हा गोझो शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

पायात काय, हा त्याहून मोठा मुद्दा. व्हॅलेटा १५६६ साली वसवलेलं गाव, रस्ते सरळ आखलेले, समुद्राची हवा आरपार खेळावी म्हणून असं सांगतात. पण टेकडीवर असल्यानं कित्येक रस्ते म्हणजे नुसते जिने आहेत. पायऱ्यांचा दगड शेकडो वर्षांच्या वर्दळीनं आरशासारखा गुळगुळीत झालाय. पाऊस पडून गेला की त्यावर कातडी तळाची चप्पल म्हणजे साबणाची वडी. कोल्हापुरी घरी. सासूबाईंना मऊ रबरी तळाचे, वेल्क्रोचे बूट घ्या, मोजा घालून एक नंबर मोठे, आणि निघायच्या आधी महिनाभर गंगापूर रोडला रोज घालून फिरवा. नवे बूट प्रवासात पहिल्यांदा घालू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तेच करतात. चढ टाळायचा असेल तर ग्रँड हार्बर ह्या बंदराच्या बाजूनं वरच्या बराक्का बागेपर्यंत लिफ्ट आहे.

व्हॅलेटातलं सेंट जॉनचं को-कथीड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघालच. तिथं खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला प्रश्न नाही. पण टाचेचे टोकदार बूट चालत नाहीत, कारण अख्खी जमीनच सेंट जॉनच्या ख्रिस्ती लढवय्या पंथातल्या शूरवीरांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी फरश्यांची आहे, सुमारे चारशे. कराव्हाज्जो ह्या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं प्रचंड चित्र आत आहे. त्याच्यासमोर माणूस उभं राहतं ते राहतंच, आणि खालून गारठा चढत राहतो. तिथं दोन मोजे घाला. हाजर इमची पाषाणयुगीन मंदिरं मात्र उघड्या कड्यावर आहेत. वर २००९ पासून तंबू आहे, पण तो दगडांच्या संरक्षणासाठी. वाऱ्यापासून तुमचं रक्षण तो करत नाही. कानाला मफलर, आणि गॉगलही. हिवाळ्यातसुद्धा तो पिवळा दगड आणि समुद्र दोघं मिळून ऊन डोळ्यांवर फेकतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तर गॉगल हवाच.

मिस्टरांचं पोहणं. समुद्र हवेच्या मागून चालतो. हवा जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत गार, पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, साधारण १५-१६ अंश. गणपतीपुळ्याच्या पाण्याची सवय असलेल्याला ते पाणी चटका बसल्यासारखं लागतं, श्वास अडकतो. स्थानिक म्हातारे वर्षभर उतरतात, त्यांचं सोडा. शिवाय स्लिमाला वाळू नाही, खडक आहेत, हिवाळ्यात शेवाळलेले, आणि लाट मागून येते. पाय बुडवून फोटो काढा आणि या. पोहण्यासाठी माल्टाला यायचं तर ऑक्टोबरात या. लोक मे महिना म्हणतात, पण मेमध्ये ऊन असलं तरी पाणी १८-१९ च असतं. ऑक्टोबरात हवा उतरलेली आणि पाणी अजून २४ च्या आसपास. मात्र ऑक्टोबरात ढगफुटीसारखे पाऊस होतात, एमसिदासारख्या सखल भागात रस्त्यांचे ओढे होतात. तेव्हा जुने बूट. खडकांवर समुद्री साळ्या, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी असतात, पाण्यातही रबरी बूट हवेत.

पुढच्या वेळी उन्हाळ्यात जायचं म्हणाल तर माझं मत विचारू नका, मी जुलै-ऑगस्टमध्ये गट नेणं बंद केलंय. सरासरी कमाल ३१-३२ दिसते आणि आपण म्हणतो, हात्तिच्या, नाशिकचा एप्रिल ३८ चा असतो. पण उष्णतेच्या लाटेत पारा चाळिशीपार जातो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो ४३.८ पर्यंत गेला होता. २०२३ च्या जुलैत तर उकाड्यात वीजही वारंवार गेली. सावली नाही, झाड नाही. सैल सुती पूर्ण बाह्या, रुंद कडांची टोपी, दुपारी एक ते पाच घरात. आपण उन्हात अंग झाकतो, तिकडचे पर्यटक उघडं टाकतात. इथं आपली पद्धत शहाणी आहे, लाजून सोडू नका. पोहण्याच्या कपड्यांत गावात मात्र हिंडायचं नाही, तिथल्यांना ते आवडत नाही. १८७८ साली इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टात आणून ठेवले होते, ते मेच्या अखेरीस पोचले आणि जुलैत सायप्रसला हलवले गेले. लोकरी गणवेशात त्यांचं काय झालं असेल, असं मला व्हॅलेटाला लागून असलेल्या फ्लोरियानाच्या मैदानातून जाताना दर वेळी वाटतं.

तुमच्या सामानाकडे परत येते. तिघांत मिळून दोन मोठ्या बॅगा पुरतात. जाकिटं, कानटोप्या, मोजे आणि सासूबाईंची शाल ह्या गोष्टी मात्र त्या बॅगांत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. माल्टाच्या विमानतळावर विमानाला तो बंद बोगदा लागत नाही. शिडीवरून उतरून उघड्यावरून चालत किंवा बसनं जावं लागतं, आणि दुबई किंवा इस्तंबूलच्या उबेतून आलेलं माणूस पहिल्याच पायरीवर थांबतं. विमान खाली यायला लागलं की सासूबाईंना बसल्या जागी जाकीट घालायला लावा, पदर आत घेऊन चेन गळ्यापर्यंत ओढा. शिडीचा कठडा धरायला त्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत.